कलेत एम.ए. करू पाहणाऱ्या अर्धापूरकरांसाठी सूचना

सर्वांत आधी एक दक्षता. हा बेत घरात लगेच सांगू नये. केळीचा भाव पडलेला असेल तर मुळीच नाही. व्यापाऱ्याची गाडी बांधाला लागलेली आहे, काट्यावर घड चढतायत, भाव मनासारखा लागलेला आहे, अशा वेळी अर्धापूरचा बाप जगातल्या कुठल्याही बापापेक्षा दिलदार असतो. तेव्हा हळूच म्हणावं, ‘आबा, एम.ए. करावं म्हणतो.’ कशात, ते दुसऱ्या दिवशी सांगावं.

या सूचना बी.ए. झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलामुलींसाठी आहेत. ज्यांची नीट हुकली, ज्यांनी ती मुद्दाम हुकवली आणि जे लातूरच्या क्लासची फी भरून झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर सरांचं चित्र काढत बसले, ते सगळे यात आले. ज्यांना आपण कलेकडे का ओढले गेलो ते नीट सांगता येतं, त्यांना या सूचनांची गरज नाही. त्यांनी थेट मुलाखतीला जावं.

घरच्यांची समजूत काय आहे, हे आधी ध्यानात घ्या. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन चित्रकलेच्या परीक्षा असतात. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीच्या निकालात सात गुण वाढतात. आपल्याकडच्या बहुतेक घरांत कलेचा बाजारभाव एवढाच आहे, सात गुण. दहावी झाली की रंगपेटी धाकट्याकडे जाते आणि कला संपते. त्यामुळे तुम्ही बाविसाव्या वर्षी ‘कला’ म्हणालात की घरच्यांना वाटतं, पोरगं पुन्हा इंटरमीजिएटला बसतंय. त्यांना दोष देऊ नये. सात गुणांच्या पुढचा हिशेब त्यांना कोणी दाखवलेलाच नाही.

पदवी निवडण्याआधी

पदव्यांची नावं फसवी असतात, म्हणून नावावर जाऊ नये. दिवसभर हातात काय असणार आहे ते विचारावं. हातात ब्रश, छिन्नी किंवा छापाईची शाई असेल तर ती दृश्यकलेची पदव्युत्तर पदवी, एम.व्ही.ए. किंवा एम.एफ.ए. हातात दुसऱ्याने केलेलं चित्र, मूर्ती, मंदिर आणि त्याच्याबद्दलची वही असेल तर तो कलाइतिहास. हातात कुदळ, ब्रश आणि मातीचा तुकडा असेल तर पुरातत्त्व. (हा ब्रश वेगळा. तो रंगवायचा नसून झटकायचा असतो, आणि पहिल्या वर्षी या दोन ब्रशांची गल्लत करणारे पुष्कळ असतात.) हातमोजे घालून जुनी वस्तू जपायची असेल तर संग्रहालयशास्त्र आणि संवर्धन. हातात काहीच नसेल आणि अंगावर पोशाख असेल तर नाटक.

यात एक खोच आहे. चित्र काढण्याच्या पदवीला आधी चित्र काढायचीच पदवी किंवा पदविका लागते, बी.एफ.ए. किंवा जी.डी. आर्ट. बी.ए. इतिहास करून, वहीच्या मागच्या पानांवर भरवसा ठेवून, थेट एम.एफ.ए. पेंटिंगला अर्ज केला तर तो छाननीतच गळतो. उलट कलाइतिहास, प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्व यांची दारं बऱ्याच ठिकाणी साध्या बी.ए.वाल्यालाही उघडी असतात. म्हणजे ज्याला काढता येत नाही त्याला पाहता यावं, अशी सोय विद्यापीठांनी करून ठेवली आहे. पाहणं सोपं असतं अशी त्यामागची समजूत असावी. ती किती चूक आहे, हे पुढच्या सूचनेत कळेल.

प्रवेशपरीक्षा, घरच्या घरी

विद्यापीठाच्या परीक्षेआधी ही परीक्षा स्वतःची स्वतः घ्यावी. फी नाही, फॉर्म नाही. अर्धापुरात केशवराजाचं मंदिर आहे. तुम्ही लहानपणापासून तिथे जाता, नारळ फोडता, पेपर सोपा जाऊ दे म्हणता. आता एकदा काहीही न मागता जा.

मूर्ती विष्णूची. चार हात. चार आयुधं: शंख, चक्र, गदा, पद्म. प्रश्न असा: कोणत्या हातात काय आहे?

नव्वद टक्के उमेदवार इथेच नापास होतात. ज्या मूर्तीसमोर वीस वर्षं हात जोडले तिच्या हातांत काय आहे ते कोणालाच आठवत नाही, कारण हात जोडताना डोळे मिटलेले असतात. विष्णूच्या चोवीस मूर्ती मानल्या आहेत आणि त्या ओळखायच्या त्या केवळ या चार वस्तूंच्या क्रमावरून. चार वस्तू चार हातांत किती प्रकारे ठेवता येतात, हे अकरावीच्या गणितातलं उदाहरण आहे, उत्तर चोवीस. संध्यावंदनात जी चोवीस नावं घेतली जातात, केशव, नारायण, माधव, गोविंद अशी, त्यातल्या प्रत्येकाचा स्वतःचा क्रम ठरलेला आहे. मोजायची सुरुवात मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून. तिथून वरचा उजवा, मग वरचा डावा, शेवटी खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. वस्तूंनी जागा बदलल्या की नाव बदलतं. मूर्तीचा उजवा म्हणजे तुमचा डावा, हे विसरून पहिल्याच दिवशी केशवाचं दुसरंच काही करून ठेवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आता खरी अडचण. गाभाऱ्यात जाल तर मूर्तीला जरीचं वस्त्र, गळ्यात हार, हारांवर हार, आणि हात त्याखाली. म्हणजे शास्त्र पाठ असूनही उत्तर देता येत नाही. मग पुजारीकाकांना विचारायचं, अभिषेक किती वाजता असतो. ते विचारतील, ‘अभिषेक करायचाय का?’ तुम्ही म्हणाल, ‘नाही, हात बघायचेत.’ ते तुमच्याकडे नीट बघतील. ‘कोणाचे?’ ‘देवाचे.’ इथे थोडा वेळ जातो. पण पहाटे या म्हणतात. कारण गावातला एखादा पोरगा देवाकडे काही न मागता पहाटे येतो म्हणतोय, हे त्यांनाही नवीन असतं.

पहाटे उठून गेलात, वस्त्र उतरलेलं असताना पाहिलंत, वहीत चार हात काढून प्रत्येकापुढे वस्तू लिहिलीत, प्रभावळीवर आणखी काय कोरलंय ते पाहायला मान वाकडी केलीत आणि घरी येऊन परत जावंसं वाटलं, तर कलाइतिहासाला अर्ज करा. झोप आली म्हणून गेला नाहीत, तर राज्यशास्त्र हाही चांगला विषय आहे.

लातूरकडच्यांनी हीच परीक्षा निलंग्याच्या नीलकंठेश्वरावर द्यावी. तिथे तर बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी उभ्या आहेत. त्यांना वस्त्रही नेसवलेलं नाही आणि पुजाऱ्याची परवानगीही लागत नाही; लागते ती फक्त उन्हात दोन तास उभं राहायची तयारी. औसा तालुक्यातल्यांना खरोशाची लेणी आहेत. जेम्स बर्जेसने 1878 साली छापलेल्या बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांच्या अहवालात ती नोंदवली. त्याच्यानंतर तिथे बहुतेकांनी आपलं नाव आणि एक बदामच नोंदवला आहे.

हेमाडपंती हा शब्द वर्षभर वापरू नये

ही सूचना पथ्यासारखी पाळावी. आपल्या भागात चुन्याशिवाय रचलेलं काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की ते हेमाडपंती. फलकावर हेमाडपंती, बातमीत हेमाडपंती, आमदारांच्या भाषणात तर हेमाडपंतीच. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची मंदिरं त्याच्या आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. त्या देवळांच्या बांधणीचं श्रेय हेमाद्रीला देणं म्हणजे आजोबांच्या लग्नाचा खर्च नातवाच्या नावावर टाकणं. तुम्ही ज्या विभागात प्रवेश घेणार आहात तिथल्या सरांना सहज विचारून पाहा, ‘होट्टल हेमाडपंती ना?’ ते ‘हो’ म्हणाले तर दुसरा विभाग शोधा. तासभर बोलत राहिले तर तिथेच राहा, डबा मागवा.

मूर्तिशास्त्रात आज महाराष्ट्रात ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं त्या गो. बं. देगलूरकरांनी पीएच.डी.चा अभ्यास मराठवाड्याच्या मंदिरांवर केला. आडनाव पाहा. हा विषय पुण्या-मुंबईचा असून आपल्याला परवडणारा नाही, असं कोणी म्हणालं तर हे आडनाव एकदा मोठ्याने उच्चारावं.

कुठे जायचं

विद्यापीठ निवडण्याच्या अनेक पद्धती आहेत. मित्र कुठे जातोय, हॉस्टेल मिळतंय का, तिथे मेसला भाकरी असते का, हे सगळे निकष शास्त्रशुद्धच आहेत. त्यांत आणखी थोडी भर घालतो.

नांदेडमध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, 1994 साली स्थापन झालेलं. विष्णुपुरीचा परिसर, अर्धापूरहून बसने जाऊन-येऊन करता येईल इतकं जवळ, म्हणजे आईला सर्वांत आवडणारं. तिथे ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. ओढा नाटकाकडे, संगीताकडे असेल तर घर सोडण्याआधी तिथे चौकशी करावी. माळेगावच्या यात्रेत रात्र-रात्र लावणीच्या फडासमोर बसून ढोलकीवाल्याचा हात बघणाऱ्याने ही ओढ दुसऱ्या कशाची तरी समजू नये. घरी मात्र ‘यात्रेत अभ्यास करायलो’ हे वाक्य चालत नाही, हे अनुभवी लोक सांगतील.

छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, 1958चं. शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे आणि वेरूळ-अजिंठा बसच्या अंतरावर. कलाइतिहास शिकायला याहून बरी जागा नसावी, असं नकाशा पाहून वाटतं. पण नकाशा पाहून प्रवेश घेऊ नये, आधीच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका मागून पाहाव्यात. हा निकष मी कोणत्याही विद्यापीठाला लावतो: ज्या कलाइतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत दोन वर्षांत एकही चित्र छापलेलं नाही, जिथे ‘अजिंठा लेण्यांची वैशिष्ट्ये सविस्तर लिहा’ एवढंच विचारतात, तिथे अजिंठा पाहिल्याशिवाय पहिल्या वर्गात पास होता येतं. होणारे होतातही. तुम्हाला तेच हवं असेल तर हरकत नाही. पण मग अजिंठ्याच्या इतक्या जवळ खोली भाड्याने घेऊन पैसे वाया घालवू नका.

पुण्याचं डेक्कन कॉलेज म्हणजे पुरातत्त्वाचं घर. 1821मध्ये सुरू झालेली ही संस्था 1939 साली पदव्युत्तर आणि संशोधन संस्था झाली, तिथे हसमुख सांकलियांनी पिढ्या घडवल्या. ज्याला ऊन सोसतं, तंबूत झोप लागते आणि खापराच्या तुकड्यावर तासभर बोलता येतं, त्याने तिकडे जावं. अर्धापूरच्या मुलाला उन्हाचं कौतुक नाही, इसापूरच्या कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री आली तर रात्रभर बांधावर उभं राहायची सवय असते, त्यामुळे आमची मुलं तिथे टिकतात. पुण्याची मुलं आधी टोपी शोधतात.

मुंबईचं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट 1857चं. 2023 साली ते अभिमत विद्यापीठ झालं. तिथे मुख्यतः हात रंगवायचे, पण पाहणाऱ्याला जे.जे.ची एक गोष्ट माहीत असायला हवी. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल 1844 साली आला आणि वर्षानुवर्षं राबला. त्याची बरीच कॅनव्हासं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती, ती 1866च्या आगीत गेली. मग 1872 ते 1885 जे.जे.च्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तेच काम केलं. लेण्यांच्या अंधारात, वटवाघळांच्या वासात, मुंबईची मराठी-पारशी पोरं भिंतीवरच्या एकेका बोटाची वळणं कॅनव्हासवर उतरवत बसली. त्या नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि 1885 साली त्यांतल्याही बऱ्याच आगीत सापडल्या. त्या पोरांची नावं आज किती जणांना माहीत आहेत? साहेबाचं मात्र दोन खंडांचं जाडजूड पुस्तक निघालं. या इतिहासातून विद्यार्थ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. एक, प्रबंधाच्या प्रती दोन ठेवाव्यात आणि दोन्ही लंडनला पाठवू नयेत. दोन, मार्गदर्शकाच्या पुस्तकात आपलं नाव कितव्या पानावर येणार हे कामाला लागण्याआधी विचारून घ्यावं.

बडोद्याचं नाव घेतल्याशिवाय कलाइतिहासाची चर्चा पुरी होत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा 1950ची, आणि तिथे कलाइतिहास व सौंदर्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. चित्रं काढणारे आणि चित्रांवर लिहिणारे एकाच आवारात चहा पितात, हे तिथलं मोठं भांडवल. घरच्यांना पटवायला हे ठिकाण सोपं: गायकवाड आपले, महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, गावात मराठी चालतं. दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं कला आणि सौंदर्यशास्त्राचं स्कूल आहे. दिल्लीची सोय अशी की नांदेडला सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता दिल्ली येते. आरक्षण मात्र अमृतसरला निघालेल्या भाविकांच्या आधी करावं लागतं. शांतिनिकेतनचं कलाभवन 1919चं. तिथे जाणाऱ्याने बंगाली शिकावी आणि भाताची तयारी ठेवावी.

परदेशाबद्दल थोडक्यात. लंडनला कोर्टोल्ड आहे, सोआस आहे. शिष्यवृत्तीच्या सरकारी योजना आहेत, त्यांचे नियम बारीक अक्षरात असतात, ते जाड चष्मा लावून वाचावेत. पण एक गोष्ट सांगून ठेवतो. वॉल्टर स्पिंक नावाचे मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक आयुष्यभर अजिंठ्याला येत राहिले. महायान काळातली ती सगळी लेणी वाकाटक सम्राट हरिषेणाच्या वेळी, जेमतेम वीसेक वर्षांत घडली, असं त्यांचं म्हणणं. त्यावर अभ्यासकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. अमेरिकेतला माणूस दर वर्षी आपल्या दारात येऊन दाराच्या चौकटीची तासणी मोजायचा, आणि आपण शाळेच्या सहलीत त्या दारात ग्रुप फोटो काढला.

पोट

हा प्रश्न मामा विचारतील. कधी विचारतील तेही सांगता येईल: जेवणाच्या पंगतीत, पोळी तुमच्या तोंडात असताना. ‘मग याचा स्कोप काय?’

उत्तर तयार ठेवा. प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तरला पंचावन्न टक्के, राखीव प्रवर्गाला पन्नास, आणि नेट किंवा सेट. इथे विषय क्रमांक नीट पाहावा. इतिहास 06, संग्रहालयशास्त्र 66, पुरातत्त्व 67, दृश्यकला 79. कलाइतिहास या शेवटच्याच्या पोटात येतो. एम.ए.ला काय होतं आणि नेटला काय निवडलं, यांचा मेळ बसला नाही तर पुढे मुलाखतीच्या दारात कागद तपासणारा बाबू तुमच्या डोळ्यांदेखत तुमचं आयुष्य बाजूच्या ढिगात ठेवतो. एम.ए. निवडताना पहिल्याच दिवशी हे तपासणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. सगळे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तपासतात आणि मग तिसरी पदवी घ्यायला लागतात.

नेट झालं म्हणजे नोकरी लागली असं नाही, हेही मामांना कळू न देता स्वतःला सांगून ठेवावं. आधी तासिका तत्त्व येतं. तासाला पैसे, तेही वर्षाच्या शेवटी, आणि उन्हाळ्यात तास नसतात म्हणून पैसे नाहीत, भूक मात्र असते. या तत्त्वावर महाराष्ट्रातल्या किती विद्वानांचे संसार उभे आहेत, यावर कोणीतरी एक स्वतंत्र प्रबंध लिहावा. कायमच्या जागेसाठी संस्थाचालकांच्या बंगल्यावर काय बोलणं होतं ते या सूचनांच्या कक्षेबाहेर आहे.

संग्रहालयात जागा निघतात, थोड्या. संवर्धनाचं काम येणाऱ्याला काम मिळतं, कारण जुनं रोज आणखी जुनं होत असतं. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधन शिष्यवृत्त्या आहेत. जाहिरातीची वाट न पाहता कागदपत्रं आधीच काढून ठेवावीत, विशेषतः जातवैधता प्रमाणपत्र.

हे सगळं मामांना सांगायचं नाही. मामांना सांगायचं एकच: ‘यूपीएससीला कला आणि संस्कृतीवर प्रश्न येतात.’ हे वाक्य मराठवाड्यात चमत्कार करतं. नागर, द्राविड, वेसर हे तीन शब्द जोडीला टाकले की मामा स्वतःच पंगतीत जाहीर करतात, ‘भाचा कलेक्टरच्या तयारीला लागलाय.’ पुढची पाच वर्षं शांततेत जातात. मुलींना हेच वाक्य आणखी उपयोगी पडतं, स्थळं पुढे ढकलायला. बायोडाटावर मात्र ‘कलाइतिहास’ लिहू नये. मध्यस्थ ‘कला’ खोडून ‘इतिहास’ करतो आणि मुलाकडचे बी.एड. कधी करणार विचारतात.

आणि नांदेडात असलं काही चालत नाही असं कोणी म्हणालं, तर नरहर कुरुंदकरांचं नाव घ्यावं. इंटरमध्ये अडकलेला, शाळामास्तरकी करणारा माणूस याच शहरात पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला आणि भरताच्या नाट्यशास्त्रावर बोलत-लिहीत राहिला. हे नाव ऐकल्यावर नांदेडचा जुना माणूस गप्प बसतो. नवा असेल तर विचारतो, ‘कोणता क्लास चालवायचे?’

भाषा

कलाइतिहासाची पुस्तकं इंग्रजीत असतात आणि ती वाचावी लागतात, याची भीती सगळ्यांना असते. ती भीती योग्यच आहे, पण अपुरी आहे. नांदेड जिल्ह्यातले शिलालेख वाचायचे तर इंग्रजीने भागत नाही. चालुक्यांचे लेख पुष्कळदा कन्नडमध्ये, जुन्या कन्नडमध्ये, काही संस्कृतमध्ये. 1968 साली ‘इन्स्क्रिप्शन्स फ्रॉम नांदेड डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ नांदेडच्याच यशवंत महाविद्यालयाने काढला. संपादक दोघे, श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके. आपल्या गावच्या दगडावर काय लिहिलंय ते वाचायला धारवाडचा कन्नड विद्वान सोबत घ्यावा लागला आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे पुस्तक ग्रंथालयात शोधताना त्यावरची धूळ. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे कागद पाहायचे तर उर्दू हवी. ती नांदेडात शिकवायला शेजारी असतो आणि तो फी घेत नाही, फक्त बिर्याणीच्या दिवशी थांबवून घेतो.

म्हणून ज्या अभ्यासक्रमात पुराभिलेख किंवा लिपी हा पेपर ऐच्छिक असेल तिथे तो घ्यावा. वर्गात तुम्ही आणि सर असे दोघंच असाल. हजेरी मात्र बुडवता येणार नाही.

प्रवेश मिळाल्यावर, कॉलेज सुरू होण्याआधी

एक दिवस होट्टलला जावं. मोजपट्टी, वही, पाण्याची बाटली, टोपी. मोबाइल खिशात ठेवावा. आधी काढून पाहावं, मग फोटो घ्यावा, कारण फोटो घेतला की डोळ्याचं काम संपलं असं डोळ्याला वाटतं. सिद्धेश्वराच्या मंदिराला एक फेरी नुसती मारावी. दुसऱ्या फेरीत जोत्याचे थर मोजावेत. तिसऱ्या फेरीत एकच सुरसुंदरी निवडून तिच्यासमोर थांबावं आणि तिच्या हातात काय आहे, केस कसे बांधलेत, वजन कोणत्या पायावर आहे हे लिहावं. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘रेखीव’ हे शब्द आले तर पान फाडून नवीन घ्यावं.

या फेरीत गावातला एखादा जाणता माणूस जवळ येईल. मोजपट्टी पाहून विचारेल, ‘पुरातत्त्व खात्याकडून आलाव का?’ नाही म्हणावं, विद्यार्थी आहे म्हणावं. त्याने त्याचं समाधान होणार नाही. मोजपट्टी असलेला माणूस म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे निधी, हा त्याचा अनुभव आहे. तो तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला लागेल: कोणता खांब सरकलाय, पाणी कुठून मुरतं, मागच्या शेतातल्या मूर्ती कोणी कुठे नेल्या, फलकावरचं साल कसं चुकलंय, आणि गावातल्या महोत्सवाच्या वेळी मंडप कुठे घालू नये. ते सगळं वहीत उतरवून घ्यावं, तारीख घालून, सांगणाऱ्याचं वय आणि गाव लिहून. तुमच्या विभागाच्या ग्रंथालयात यातलं काहीही मिळणार नाही. चहा पाजला तर प्यावा. निधी कधी येणार हे त्याने पुन्हा विचारलं, तर खरं उत्तर द्यावं आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारून घ्यावं, कारण शेवटची लवकर जाते.